स्पेनच्या राजाचं लेकरू

माय, स्पेनच्या राजाचं ते लेकरू काल मुलाच्या मोबाइलवर पुन्हा दिसलं. फिकट चेहरा, पायघोळ झगा, त्यावर लटकवलेल्या घंट्या आणि ताईत. शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र. गावच्या शाळेत गुरुजींनी ते पुस्तकातून दाखवलं तेव्हा म्हणाले होते, "मुलगा आहे हा. आधीची भावंडं गेली, म्हणून याला एवढं जपलं." लगेच मागून आवाज आला, "अरे, हाऊ ते आपला नथवाला शे!" सगळा वर्ग माझ्या नाकाकडे बघून हसला.

माझ्या आधीची तुझी लेकरं जगली नाहीत. मृत्यूला मी मुलगी वाटावी म्हणून तू माझं नाक टोचलंस आणि मिसरूड फुटेपर्यंत बाळी काढणार नाही, असा कानबाई देवीला नवस बोललीस. मला हे ठाऊक होतं. तरी त्या दिवशी दप्तर भिरकावून तुझ्यावर ओरडलो, तू माझं हसं केलंस म्हणून. तू भाकरी थापत होतीस. रागावली नाहीस, उलट त्या राजाच्या मुलाचंच विचारत राहिलीस. त्यालाही झगा घातलाय म्हटल्यावर तुझा हात थांबला.

"तो आंडोर जगना का रे, भाऊ?"

तो मुलगा जगला का, हे गुरुजींनी सांगितलंच नव्हतं. पण मला बाळी निघायची वाट दिसली. "जगना ना. त्यानी मायनी झगा, ताईत, बठ्ठं काढी टाकं, तरी मोठा राजा व्हयना."

तू पिठाचे हात धुतलेस, देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलंस आणि तेलाचं बोट लावून बाळी काढलीस. "राणीले पावनी, माले बी पावी."

मग मी नुसता शिंकलो तरी तू चुलीपासून उठून यायचीस. पुढे मला ताप चढला, तर उशाशी बसून देवीची माफी मागत होतीस. चूक माझी, पोराची नाही, म्हणत होतीस. मी जागा होतो. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि गप्प राहिलो.

ते लेकरू चार वर्षांचंही झालं नाही, माय. काल वाचलं. आणि झगा तर तिकडे सगळ्याच लहान मुलांना घालत. ताईत मात्र खरे होते. त्या राणीनेही देवापुढे काहीतरी बोलून ठेवलं असेल.

हे लिहून तुझ्या फोटोखाली ठेवायचं होतं. पण मघाशी दिवा लावला तेव्हा त्या राणीसाठीच हात जोडले. फोटोकडे मान वर झाली नाही. कागद खिशातच राहू दे.