गवतातला लाल चेंडू

आई, तुझ्या नातीने मला गोल्फ खेळायला लावलंय. तू गेलीस तेव्हा ती दुसरीत होती. आता तिला चार वर्षांचा मुलगा आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकच पेपर तीनदा वाचतो, हे तिला बघवेना, म्हणून रविवारी सकाळी ती मला मैदानावर घेऊन जाते. हल्ली उडालेला चेंडू कुठे पडला ते मला पटकन कळत नाही. वय झालं, दुसरं काय. पण तिने मनाशी ठरवलं की पांढरा चेंडूच वाईट, आणि वाढदिवसाला मला रंगीत चेंडूंचं खोकं दिलं. लाल, केशरी आणि गुलाबी. रंगांची नावं तिने सांगितली म्हणून लिहितोय. "बाबा, आता हरवायचा प्रश्नच नाही. लांबूनच ओरडेल तो, मी इथे आहे म्हणून!"

आज सकाळी पहिला फटका मी लाल चेंडूने मारला. बरा बसला. चालत गेलो आणि उभा राहिलो. समोर गवत, गवत आणि गवत. ती मागून म्हणाली, "अरे, समोर तर आहे. लालभडक!" मी दोन पावलं पुढे गेलो, तीन मागे आलो, काठीने गवत चाचपलं, आणि शेवटी चेंडू माझ्या बुटाखाली सापडला. मग केशरी. तोही तसाच गवतात विरघळला. गुलाबी थोडा वेळ दिसला, सावलीत गेला आणि संपला. परत लाल मारला, तोही गेला. मागे चार जण खोळंबले होते. त्यातले एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "काका, आपण खेळताय की मशागत करताय?" पुण्यात माणूस रागावला की 'आपण' म्हणतो, तुला माहीतच आहे. कानशिलं तापली माझी. ते खोकं समोरच्या तळ्यात भिरकावून द्यावं असं वाटलं. 'मला तो दिसत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तुझ्या सुनेला लग्नानंतर महिनाभरातच कळलं होतं, आणि तिनेही माझ्या सांगण्यावरून कधी तोंड उघडलं नाही. मुलीला मात्र एवढ्या वर्षांत मी सांगितलेलं नव्हतं.

मला खडकीच्या क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. मी पाचवी-सहावीत असेन. तू मला पिकलेले टोमॅटो आणायला पाठवतेस आणि मी निम्मे कच्चे घेऊन येतो. तू पिशवी ओट्यावर आपटतेस. "डोळे आहेत की बटणं? लक्ष कुठे असतं तुझं?" बाबा फॅक्टरीतून नुकतेच आलेले असतात, ते चहाच्या कपातून मान वर न करता विचारतात, "चिरंजीव लोणचं घालणार आहेत का?" मी दुसऱ्या दिवशी टोमॅटो दाबून दाबून निवडतो, भाजीवाली हातावर फटका मारते. असं कितीदा झालं. चित्रात झाडाचं खोड आणि पानं मी एकाच रंगाने रंगवली तेव्हाही तू तेच म्हणालीस. लक्ष नाही. आळशी आहे. मला ते पटलंही होतं. डोळे फाडून बघायचो मी, आणि तरी चुकायचो.

एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर एक आकडा असतो म्हणे. मला ठिपकेच दिसले. घरी येऊन तुला सांगितलं, तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. तुझं लाटणं थांबलं. तू म्हणालीस, "आमच्या वडिलांचं, अण्णांचंही असंच होतं. लाल मिरची कोणती, हिरवी कोणती, हात लावून विचारायचे." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणालीस, "ह्यांना सांगू नकोस माझ्याकडून आलंय म्हणून." आणि तव्यावरची पोळी उलटलीस. त्यानंतर तू माझे कपडे न बोलता जोडीजोडीने लावून ठेवायचीस. टोमॅटो पुन्हा कधी आणायला सांगितले नाहीस. पण तुला आधीपासून माहीत होतं, आई. मग मला ओरडायचीस ती कोणासाठी?

आज चेंडू शोधता शोधता तुझी नात सहज बोलून गेली, "शाळेतून तक्रार आलीय. चिरंजीव सगळं चुकीचं रंगवतात. सूर्य हिरवा! काल चांगला दम दिलाय मी, लक्षच नसतं मेल्याचं."

"त्याला ओरडायचं नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की मागचे चौघेही दचकले. मग मी तिथे, हातात काठी घेऊन, सगळं सांगितलं. ठिपके, टोमॅटो, बापाकडून मुलीकडे आणि मुलीकडून तिच्या मुलाकडे कसं जातं ते. तिने गवतातला लाल चेंडू उचलून माझ्यापुढे धरला. "म्हणजे हा तुला..." "हातात आहे म्हणून कळतोय," मी म्हणालो. ती खाली बसली. मागच्या लोकांना तिने हातानेच पुढे जायला सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. लाज वाटायची, एवढंच म्हणालो. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "उद्याच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. काल रडत झोपलाय तो माझ्यामुळे." आणि मग, "आजीला माहीत होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही. तिला काय कळणार त्या काळात."

"बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर मला तिचा फार राग आला असता."

म्हणून हा कागद मी कपाटात खाली दडवून ठेवणार आहे, तिच्या हाती लागू नये म्हणून. तुला वाचवायला खोटं बोललो, असं मला दिवसभर वाटत होतं. पण खरं सांगू? तुझ्यावरचा राग मला कोणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता. तो अजून आहे, आणि तो एकट्या माझा आहे.