पहिल्या ओळीवर श्री

३ जुलै, गुरुवार
कॉलेजात स्टाफ मीटिंग. घरोघरच्या सर्वेक्षणाला कोण जाणार, असं प्राचार्यांनी विचारताच सगळे एकदम चष्मे पुसायला लागले. मी प्रसंगावधान राखून सांगितलं, की अकरावीला कम्प्युटरचे सर नाहीत आणि मला सी लँग्वेज येते. ड्यूटी टळली. सी येत नाही, हा तपशील झाला. इतकी जुनी लँग्वेज, म्हणजे सोपीच असणार. भूगोल शिकवणाऱ्याला काय अवघड?

४ जुलै
निफाडहून परतताना नाशिक रोडला पुस्तक घेतलं. जाडजूड. घरी बायकोला, उज्वलाला म्हणालो, आठवड्यात संपवतो. ती म्हणाली, इंग्लिश स्पीकिंगचं अजून प्लास्टिकमध्येच आहे.

६ जुलै, पहाटे ५
अभ्यासासाठी टेबल पूर्वेकडे फिरवलं. प्लग पश्चिमेला. आज एवढंच.

९ जुलै
पहिला प्रोग्रॅम. स्क्रीनवर फक्त 'नमस्कार' उमटवायचा. वर अर्थातच श्री लिहिलं, मग बाकीचं पुस्तकाप्रमाणे. पहिल्याच ओळीत एरर. लॅपटॉप जुना झालाय.

११ जुलै
तीच एरर. पुस्तक म्हणतं, सेमिकोलन विसरू नका. प्रत्येक ओळीला दोन-दोन टाकले. एरर वाढल्या. जादाचे काढले.

१२ जुलै
प्राचार्य म्हणाले, शुक्रवारी कम्प्युटर रूमचा नारळ फोडू, तुमचा प्रोग्रॅम चालवून दाखवा. नाहीच जमलं तर राहू द्या, सर्वेक्षणाला माणूस कमीच आहे. आणि हसले. रजा टाकावी, तर कंबर मागच्याच महिन्यात वापरली.

१५ जुलै
उज्वला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ते वरचं श्री पुस्तकात आहे का? नाही. केवळ तिच्या समाधानासाठी काढलं. चाललं! नमस्कार! लॅपटॉपला दोन दिवस विश्रांती मिळाली, त्याचा गुण.

१८ जुलै, शुक्रवार
नारळ फुटला. मी बिनचूक टाइप केलं. बटण दाबणार, तोच प्राचार्य म्हणाले, सर, वर श्री नाही घातलं? घातलं. एरर. मग एकदम उज्वलाचं बोलणं आठवलं. पण अख्ख्या स्टाफदेखत श्रीवर डिलीट कोण मारणार? मी आणि प्राचार्य स्क्रीनकडे बघत उभे. मागून अकरावीची पायल म्हणाली, सर, अडकलं वाटतं. शेवटी सहादू शिपायाने पेढे वाटून टाकले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्राचार्य म्हणाले, दोष मशीनचा, तुमचा नाही. उलट सर्वेक्षण यंदा मोबाइल अॅपवर आहे, आणि कम्प्युटर येणारा माणूस आपल्याकडे एकच. अकरावीचे कम्प्युटरचे तासही तुम्हीच घ्या. येत नाही, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण पंधरा दिवस येतं म्हणून मिरवल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? थँक्यू म्हणालो.

२१ जुलै, सोमवार, सायखेडा
सर्वेक्षणाचं पहिलं घर, भागीबाईंचं. अॅप उघडेना. त्यांनी चहा दिला, ओल्या पायांना पोतं दिलं. म्हणाल्या, मास्तर, एवढ्या चिखलात तुमालाच का धाडलं? मी म्हणालो, मला कम्प्युटर येतो म्हणून.
त्या म्हणाल्या, लय बरं झालं, आमचा टीव्ही कालपासून बंद हाय, तेवढा जमंल का बघायला?
हो म्हणालो.