आठ पाऊण सहा

पनवेल, खाडीवरचं मिठागर
१३ मार्च १९६२

प्रिय महादेवदादास,
रंभाचा नमस्कार. शुद्धलेखनाला हसू नकोस, चवथीनंतर पेन्सिल आज धरली. एवढं लिवायला अख्खी सकाळ गेली. आई बरी हाय.

तुझं पत्र मीच घरात वाचून दाखवलं. "बाबा पिऊन पडलं असतील म्हणून उघाडी उघडी राहिली," ही ओळ गाळली. मुंबईत बसून तुला हे सांगितलं कुणी? कचेरीतल्या त्या नव्या मेहत्यानंच ना, धर्मराजनं? आणि तू मानलंस. बाबांनी त्या दिवशी थेंब घेतला नव्हता.

भरतीची वेळ काढायची बाबांची रीत तुला ठाव हाय. तिथीची पाऊणपट करायची, बारा वाजल्यावर तितके तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हंजे तीन वाजता. मेहत्यानं ती बाबांकडूनच उतरून घेतली आणि मालकाला म्हणला, आता वेळ कचेरीतून जाईल.

गुरुवारी बांधाच्या उघाडीची, खाडीचं पाणी आडवणारी कुजकी फळी बदलायची होती. मेहत्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघितली आणि माझ्यासमोर चिठ्ठी लिवली. आठ पाऊण सहा. भरती सहाला, पाचपर्यंत फळी काढलेली राहू द्या. अरे, तारीख घातली त्यानं. दर्या काय कॅलेंडर बघून चढतो? अवस होऊन दोनच दिवस झालेलं. तिथं दोन घालायचं. दोन पाऊण दीड.

दीडलाच पाणी भरलं. बाबा छातीएवढ्या पाण्यात फळी अंगानं दाबून उभं होतं, तरी पिकलेलं मीठ सगळं गेलं. मेहता म्हणतो, मी चिठ्ठी दिलीच नाय, म्हातारा प्यालेला होता. बावीस वर्षांनी मालकानं बाबांना सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

आता राहिलेलं लिवते. चूक मला कचेरीतच कळली होती. तोंड उघडलं तर मेहता म्हणला, "काय गं, उभी का? चल, पळ." मी पळाले. बाबांनी इचारलं, "सहा? आज बीज ना गं? नीट वाच."
मी म्हटलं, "सहाच लिवलंय."
"मग असल काय नवीन हिशेब. शिकलेली मान्सं."

लिवलेलं मी बरोबर वाचलं, दादा. पण चुकलंय, एवढं म्हटलं नाय.

चिठ्ठी माझ्या पेटीत हाय. पाच दिवस काढली नाय, कारण मालक इचारल, तुला कळत होतं तर गप का राहिलीस? उद्या मालक येणार हाय. चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवणार, आणि गप राहिले तेपण सांगणार. मेहता समोर असला तरी. तू बाबांना दोन ओळी लिव, माझ्याकडं नाय, त्यांच्या नावानं लिव.

धोंडीमावशीच्या ठकीला काल जुळं झालं, दोन्ही मुली.

आधी बाबांची, मग तुझी,
रंभा