निळ्या मॉनिटरचा वर्ग

१ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

टाकी आली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चार माणसांनी उचलून आणली आणि चौघांनीही आळीपाळीने विचारलं, नक्की इथेच ठेवायची का. इथेच. हॉलची ही एकच भिंत अशी आहे जिच्यावर ऊन येत नाही. धाकटीची आरामखुर्ची इथे ठेवायचं ठरलं होतं. पण खुर्ची काय, कुठेही मावते.

धाकटी म्हणजे माझी बहीण. पंधरा मार्चला माझ्याकडे कायमची राहायला येते आहे. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, माझे जाऊन नऊ. मुलीकडे ती राहत नाही, मुलीला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, मग मला दे त्रास. म्हणाली, ताई, महिनाभर राहून बघते. महिनाभर कशाला? मी 'कायमची' असंच लिहिते आहे.

दाताच्या डॉक्टरांकडची टाकी तिला फार आवडली होती. नंबर पुकारला तरी जागची उठेना. म्हणून हा खटाटोप. आणि आपली टाकी साधीसुधी नाही. समुद्राचं पाणी, प्रवाळ, सगळं. तिला इथे करमलं पाहिजे. माझा प्रश्नच नाही, मला एकटीला उत्तम करमतं.

संकल्प: टाकीत एकही भांडण होणार नाही. घरातही नाही.

३ फेब्रुवारी

शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी निघाला. मला आठवला नाही. त्याचं प्रत्येक वाक्य 'माझी हरकत नाही, पण' असं सुरू होतं, म्हणून मी मनात त्याला हरकत म्हणते.

हरकत म्हणाला, बाई, सातवीत तुम्ही मला वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाशेजारी बसवलं होतं, माझे गुण त्याला लागावेत म्हणून. मी विचारलं, लागले का? म्हणाला, गुण नाही लागले, डबा लागला. वर्षभर माझा डबा त्यानेच खाल्ला.

जुन्या गोष्टी उगाळत बसण्याचा काही लोकांचा स्वभावच असतो.

टाकीत दगड मी स्वतः रचले. दोन रांगा, मध्ये जायला-यायला वाट. हरकत म्हणाला, माझी हरकत नाही, पण माशांना लपायला कपारी लागतात. मी म्हटलं, माझ्या वर्गात कुणाला लपावं लागत नसे.

१६ फेब्रुवारी

टाकीत पाणी आणि दगड. पाणी मुरायला सहा आठवडे लागतात म्हणे. माझ्या मते चार पुरेत. शेजारीण येऊन दहा मिनिटं टाकीसमोर उभी राहिली. शेवटी म्हणाली, दगड छान आहेत हो.

२२ फेब्रुवारी. दुपारी

माशांचा तक्ता पूर्ण. बावीस वर्षं पर्यवेक्षिका होते, सबंध शाळेची बैठकव्यवस्था या हाताने केली आहे. डझनभर मासे म्हणजे काय मोठंसं! रकाने: नाव, आकार, खाणं, स्वभाव, कोणाशी पटत नाही, सूचना. चार्ट पेपरवर काढून टाकीशेजारी लावला.

नापास: लायनफिश (तोंडात मावेल तो सहाध्यायी खातो), ट्रिगर (प्रवाळ कुरतडतो). पास: क्लाऊनची जोडी, पिवळा टँग, लाजाळू फायरफिश, आणि गोबी. गोबी विशेष आवडला. तो एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा करतो. आदर्श सहजीवन.

धाकटीला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, आपणही असंच राहायचं, मी गोबी. ती म्हणाली, म्हणजे खणायचं मी आणि दारात उभं राहून बघायचं तू. लहानपणापासून तसंच चाललंय की.

विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

१ मार्च

पहिला मासा आणला. निळा डॅमसेल. अंगठ्याएवढा, पण काय ती चाल! वर्गात मॉनिटर हवाच. हरकत म्हणाला, बाई, माझी हरकत नाही, पण हा सगळ्यात शेवटी घाला. जो आधी जातो तो सगळं घर आपलं समजतो. मी त्याला समजावलं की मॉनिटर वर्गाच्या आधी नेमायचा असतो. वर्ग भरल्यावर मॉनिटर नेमला की मुलं कुरकुरतात. नियमच आहे तो.

हरकत म्हणाला, आमच्या वर्गाचा मॉनिटर कोण होता आठवतं का बाई? माझा डबा खाणारा.

निळा मासा ऐटीत पिशवीतून उतरला. एक फेरी मारली, सगळे दगड तपासले. कर्तव्यदक्ष आहे.

१५ मार्च. संध्याकाळी ५.३०

धाकटी आली. आनंद झाला. तो दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, त्याप्रमाणे दाखवला नाही. दोन बॅगा, एक रेडिओ, आरामखुर्ची. खुर्ची तिने सरळ टाकीसमोर मांडली आणि बसली. म्हणाली, ताई, किती सुंदर आहे गं! अख्ख्या टाकीत एकच मासा होता, तरी पाऊण तास बसली.

पण त्या खुर्चीने जायची वाट अडते. चहा झाल्यावर पॅसेजमध्ये हलवली.

१८ मार्च

क्लाऊनची जोडी सोडली. मॉनिटर दोघांना जागा दाखवतो आहे. सध्या त्यांना हीटरमागची दाखवली आहे. धाकटी म्हणाली, अगं, पिटाळतोय तो त्यांना. मी म्हटलं, सुरुवातीला कडक असावंच लागतं.

टाकीचा दिवा साडेसहाला लागतो, टायमरवर. धाकटी आठपर्यंत झोपते हे लक्षात आलं. दिवा लागला की रेडिओही लावते मी. तिला बरं.

पॅसेजमध्ये खुर्चीला ठेच लागते. गॅलरीत हलवली.

२७ मार्च

टँग, गोबी आणि त्याची कोळंबी दाखल. गोबीने उजव्या कोपऱ्यात बीळ धरलं, मॉनिटरने तपासणी केली, गोबीने बीळ सोडलं. आता फिल्टरमागे असतो. कोळंबी एकटीच खणते आहे. टँगचा पर थोडा फाटला आहे. वाढत्या वयात होतं असं.

घरातली स्थिती उत्तम. धाकटीने स्वयंपाकघरातले डबे तिला हाताशी येतील असे लावले होते. माझी गैरसोय नको म्हणून काही न बोलता मी ते परत क्रमाने लावले. तीनदा. आज चौथ्यांदा तिने लावले नाहीत. म्हणजे पद्धत पटली.

गॅलरीत खुर्चीचं कापड उन्हाने विटेल. माझ्या खोलीत कपाटाशेजारी ठेवली. कपाटाचं एक दार उघडत नाही, पण त्यात तिचेच कपडे आहेत.

४ एप्रिल. सकाळी ७

फायरफिश कालच सोडला आणि आज टाकीबाहेर, फरशीवर. टाकीला जाळीचं झाकण घाला असं हरकतने सांगितलं होतं. मी घातलं नव्हतं. मुलांवर विश्वास टाकावा लागतो.

धाकटीने ओंजळीत उचलून पाण्यात सोडला. वाचला. मी म्हटलं, बावळट आहे, पडला. ती ओले हात पुसत म्हणाली, पडला नाही ताई. निघाला होता.

झाकण बसवलं.

८ एप्रिल

हरकतला पाहणीसाठी बोलावलं, मुख्यतः कौतुकासाठी. तो टाकीसमोर उकिडवा बसला. हीटरमागे क्लाऊन, फिल्टरमागे गोबी, फायरफिशचा पत्ता नाही, टँग वरच्या कोपऱ्यात नाक खुपसून. आणि पाच फूट मोकळ्या मैदानात मॉनिटर, एकटा. चांगला गुटगुटीत झाला आहे.

हरकत म्हणाला, बाई, यात माशाचा दोष नाही. त्याला आधी घातलंत, त्याला वाटतं घर त्याचं. आता उपाय एकच. त्याला बाहेर काढा. आठ-दहा दिवस वेगळ्या टबात ठेवा. तेवढ्यात इथले सगळे दगड हलवा, नवीन रचना करा. बाकीचे आपापल्या जागा धरतील. मग याला सोडा. आपली जागाच सापडली नाही की पाहुण्यासारखा वागतो.

मी म्हटलं, निष्कारण बदली मला मान्य नाही. धाकटी मागे उभी होती. तिने हरकतला हा उपाय दोनदा सांगायला लावला. एरवी तिचं कशाकडे लक्ष नसतं.

१० एप्रिल

मॉनिटर काढायचं मान्य केलं. प्रयोग म्हणून. जाळी घेऊन सव्वा तास झाला. जाळी डावीकडे, मॉनिटर उजवीकडे. दोन दगड पडले, माझी बाही खांद्यापर्यंत भिजली, चष्मा टाकीत गेला. शेवटी धाकटी म्हणाली, तू जरा बस बघू. प्लास्टिकचा मग पाण्यात आडवा धरून स्तब्ध उभी राहिली. चार मिनिटांत मॉनिटर मगाची तपासणी करायला आत शिरला.

दगड तिने रचले. रांग नाही, वाट नाही, नुसता ढीग. मी फक्त दोन दगड सरळ केले. तिने ते परत वाकडे केले आणि म्हणाली, ताई, राहू दे ना गं एक तरी गोष्ट.

१३ एप्रिल

धाकटी चार दिवसांसाठी मुलीकडे गेली. बदल म्हणून. चार दिवसांसाठी खुर्ची कशाला, विचारलं. म्हणाली, पाठ दुखते. टेम्पो बोलावला होता. चार दिवसांसाठी दोन्ही बॅगाही लागतात म्हणे. हवामान बदलतं ना.

महिना परवाच संपतो आहे, तो आपला योगायोग.

१९ एप्रिल. दुपारी ३

टाकी बघण्यासारखी झाली आहे. क्लाऊन मध्यभागी. गोबी दगडाखालच्या नव्या बिळाच्या दाराशी, कोळंबी खणते आहे, तिच्या मिशा त्याच्या पाठीला लागलेल्या. फायरफिशसुद्धा बाहेर आला. वर्ग उत्तम चालला आहे.

बघायला मी एकटी. स्वयंपाकघरातली खुर्ची आणून पाहिली, टाकीसमोर मांडली. तिथे बसलं की वाट अजिबात अडत नाही. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

मॉनिटर टबात गोल गोल फिरतो. खायला घातलं. जरा वेळ त्याच्याशी बोलले. शिस्तीविषयी.

चार दिवसांचे सहा झाले.

२१ एप्रिल

मीच फोन केला. माशांची खुशाली कळवायला. भाचीने उचलला. म्हणाली, मावशी, आई मजेत आहे. मी कुठे विचारलं होतं! मग धाकटी आली. मी म्हटलं, गोबी बाहेर आला. ती म्हणाली, अरे वा. मी म्हटलं, कपाटाचं दार पूर्ण उघडतं आता. ती म्हणाली, हो का. नंतर मी म्हटलं, मासे मी तुझ्यासाठी आणले होते. हे म्हणायचं नव्हतं.

ती म्हणाली, ताई, येते मी. पण आधी आठ दिवस तू इथे येऊन राहा. तिथे मी एकटी जाते, मला जे हलवायचं ते हलवते. मग तू ये. मला तुझ्या त्या दुकानदार विद्यार्थ्याने सांगितलेला उपाय तोंडपाठ आहे.

मी म्हटलं, काहीतरीच! मी काय मासा आहे? ती म्हणाली, छे गं. तो चार मिनिटांत मगात आला होता.

फोन ठेवला. असल्या अटी मान्य करणाऱ्यातली मी नाही.

२३ एप्रिल. भाचीकडे

हवापालटासाठी आले आहे. स्वतःहून.

२६ एप्रिल. भाचीकडे

मला वॉशिंग मशीनशेजारची खोली दिली आहे. घरात सगळं चुकीच्या जागी आहे. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून द्यायला निघाले, तर भाची म्हणाली, मावशी, तुम्ही बसा. जावई म्हणाले, मावशी, तुम्ही बसा. इतकं बसायची मला सवय नाही. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं होतात. दिवसभरात बऱ्याचदा मोजली.

१ मे. संध्याकाळी ६. घरी

परत आले. किल्ली लावायला गेले, तर दार धाकटीनेच उघडलं. म्हणाली, या. मला 'या' म्हणाली, माझ्या घरात.

आरामखुर्ची टाकीसमोर. माझं टेबल खिडकीपाशी गेलं आहे, तिथे उजेड बरा पडतो, पण हे मी बोलणार नाही. तिच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची. हरकत येऊन सकाळीच मॉनिटरला टाकीत सोडून गेला. मॉनिटर मागच्या काचेपाशी उभा होता. एक दगड तपासायला निघाला, तर टँग नुसता आडवा आला. मॉनिटर मागे फिरला.

तक्ता होता तिथेच आहे. खाली धाकटीने तिच्या गिचमिड अक्षरात एक ओळ वाढवली आहे. नाव: ताई. खाणं: वेळेवर. स्वभाव: वाईट नाही. कोणाशी पटत नाही: डब्यांशी. सूचना: शेवटी घालावी.

ही ओळ खोडण्यासाठी लाल पेन शोधलं. पेनाची जागा बदलली आहे.

मग म्हटलं, चहा तरी करू. स्वयंपाकघरात गेले. सात डबे उघडले. आठव्यापाशी थांबले. बाहेरून धाकटी म्हणाली, काय शोधतेस गं?

चहाचा डबा कुठे ठेवलास, म्हणून विचारलं.