तोंडावरचं ओलं फडकं

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढणारा आता मी एकटाच उरलो असेन. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. आज बसलो, तर आधी तो हिवाळाच पुढे येऊन उभा राहतो. दुष्काळ नुकताच सरला होता. मोठ्या शहरांत प्रेतं औषधात मुरवून वर्षभर पोरांना शिकवायला वापरतात. कारंजा गावातल्या आपल्या छोट्या आयुर्वेद कॉलेजात ना ते औषध होतं, ना टाकी. बेवारस प्रेत मिळालं तर मिळालं, तेही थंडीतच घ्यायचं आणि तीन दिवसांत सगळं शिकून मोकळं व्हायचं. पोट आधी, कारण आधी तेच सडतं. मग छाती, मग हातपाय, चेहरा अगदी शेवटी. तोवर तोंडावर ओलं फडकं. पोरांनी घाबरू नये आणि मेलेल्याचीही अब्रू राहावी, म्हणून तुम्हीच घातलेली ती रीत. तुमच्यासारखा भला माणूस मी पाहिला नाही, सर, आणि तुमच्या भलेपणानंच माझा घात केला.

त्या हिवाळ्यात असंच एक प्रेत आलं, आणि पहिल्याच सकाळी तुम्ही सुरी माझ्या हातात दिलीत. मी धनज गावच्या बौद्धपुऱ्यातला, वर्गात मागे बसणारा. तुम्ही सगळ्यांना बाजूला सारून मला पुढे बोलावलंत. पोट उघडलं आणि मी हरखून गेलो. खोटं कशाला सांगू? पुस्तकातल्या चित्रांत यकृत म्हणजे नुसता एक आकार. इथे ते ओलं, तांबूस, हाताला वजन देणारं होतं, आतडी बोटांबरोबर सरकत होती. तुम्ही म्हणालात, हात हलका आहे तुझा. घराबाहेर मला इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी डबा खायचंही मी विसरलो. मग तुम्ही जठर चिरून दाखवलंत. आत काहीच नव्हतं. माणूस उपाशी होता, असं तुम्ही हळूच म्हणालात, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या सकाळी तुम्ही फडकं काढलंत, आणि खाली माझा मामा होता. मायचा एकुलता एक, धाकटा भाऊ. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता, वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. एसटी स्टँडवर पडलेला सापडला, कुणी ओळखेना, म्हणून आपल्याकडे आला. मी कारंज्यात शिकतो हे त्याला ठाऊक होतं. तो मलाच शोधत आला होता का, हे आता कोण सांगणार? औषधात मुरलेला चेहरा म्हणे कुणाचाच राहत नाही. हा मात्र जसाच्या तसा होता, फक्त गाल बसलेले. मी "मामा" एवढंच म्हणालो. तुम्ही बाकीच्या पोरांना बाहेर काढलंत, काढलेलं सगळं आत जागच्या जागी ठेवलंत आणि एकट्यानं शिवत बसलात. मग भाड्याची जीप करून आपण त्याला धनजला नेलं.

पुरुषमाणसं अंघोळ घालतील, असं सगळे मायला समजावत होते. तिनं ऐकलं नाही. लहानपणी मीच त्याला न्हाऊ घालत होते, म्हणाली. पहिला तांब्या ओतला आणि तिला टाके दिसले.

"मास्तर, याले इतकं काहून कापलं?"

ऑपरेशन केलं म्हणाला असतात, तर गावानं मान डोलावली असती. पण तुम्ही खरं सांगितलंत. "बाई, याचं कोणी नाही असं समजलो आमी. पोरं शिकून राह्यली होती याच्यावर."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माहा पोरगा होता त्यात?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "तो नव्हता."

मायनं आणखी एक तांब्या ओतला. मग म्हणाली, "असता तं बरं झालं असतं, मास्तर. घरच्या लेकराच्या तरी कामी आला असता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी खाली चिखलाकडे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी धनजलाच, घरात दवाखाना टाकला. माय पुष्कळ जगली, आणि भावाचं मरण फुकट गेलं हा एकच धोशा तिनं शेवटपर्यंत लावला. मी शेजारच्या खोलीत पेशंटचं पोट दाबून पाहत असायचो, बोटांखाली काय आहे ते मामाच्या पोटानं शिकवलेलं, आणि भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं. तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणून बसला होतात. तुम्हाला खोटं ठरवून हो म्हणायला जीभ कुठून आणायची? ती गेली तेव्हाही तेच मनात घेऊन गेली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. मीच बोलायला हवं होतं, हे मला कळतं. तरी तुमचे आभार मानायला म्हणून बसलो होतो, ते काही जमलं नाही. मला अजून तुमचाच राग येतो, सर.