गुरुवारचं तिकीट

कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. धैर्यशील,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी रोज सकाळी रंकाळ्यावर जाते. सयाजीकाकांची अनुजा सोबत असते. सूनबाई संयोगिताला नवी नोकरी लागली, फार आनंद झाला. छोटी व्हिडिओत 'आजी' म्हणाली, ते चार वेळा लावून ऐकलं.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "आई, थांब, समजावतो" म्हणतोस. कागद तसं म्हणत नाही.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मिळाला. मे महिन्यात मी ह्यूस्टनला येणार, त्या प्रवासाचे, पुढं फुकट तिकीट मिळवून देणारे पॉइंट्स कुठल्या एअरलाइनच्या खात्यात घालायचे, हे तू सांगितलंस. एकात जास्त मिळतात पण लवकर बाद होतात, दुसऱ्यात कमी पण टिकतात. म्हणून तिकीट दुसऱ्या एअरलाइनचं काढायचं, दोनदा विमान बदलायचं, सहा तास जास्त बसायचं आणि आपल्या कुटुंबाच्या खात्याचा नंबर घालायचा. म्हणजे सगळ्यांचे पॉइंट्स तुझ्याकडे एकत्र. समजलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, मला हिशेब येतो.

नवव्या मिनिटाला मी मेसेज बंद केला.

आमच्या सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र उशीखाली ठेवावं आणि सकाळी वाचून मग टाकावं. तसं ठेवून तीन सकाळी झाल्या, आज पुन्हा उतरवून काढतेय. रागाचा एक शब्दही मी बदललेला नाही.

तुला तो बिस्किटांचा निळा डबा आठवतो? पॉइंट्स जमा झाले नाहीत तर बोर्डिंग पास दाखवावा लागतो, असं तू पहिल्या वेळी सांगितलं होतंस. तेव्हापासून मी एकही पास फेकला नाही. मी घरी पोचले, की तुझे आबा ते माझ्या पर्समधून काढून घ्यायचे, मागं काहीतरी लिहायचे आणि डब्यात ठेवायचे. मला वाटायचं, तुझ्यासाठी नंबर लिहितात. परवा डबा उघडला. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या फेरीच्या पासामागं त्यांच्या त्या वाकड्या अक्षरात आहे, '९२ दिवस'. तुझ्या मोठ्याच्या बाळंतपणाच्या वेळी, '१४१ दिवस'. तू पॉइंट्स जमवत होतास आणि ते माझ्याशिवायचे दिवस जमवत होते. मला एकदाही बोलले नाहीत. मी निघताना "डबे नीट लाव, फ्रीज भरून जा" एवढंच म्हणायचे.

शेवटच्या पासामागं काही नाही. लिहिणार कोण?

आता नवव्या मिनिटाचं. तू म्हणालास, "आणि आई, गेल्या वेळी पॉइंट्स किती कामाला आले बघ ना."

गेल्या वेळी म्हणजे कधी, धैर्यशील? पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. छोटी सव्वीस दिवसांची होती. सोमवारी अनुजाचा फोन आला, आबांना अ‍ॅडमिट केलंय, हार्ट अ‍ॅटॅक. तू लॅपटॉप उघडलास. मंगळवारी पहिल्या एअरलाइनचं विमान होतं, एकाच ठिकाणी बदलायचं. पण विकत घ्यावं लागणार होतं. पॉइंट्सवर दोन सीट्स गुरुवारी होत्या. "आबा स्टेबल आहेत, आई. दोनच दिवसांचा प्रश्न आहे." तुझ्याकडे पैसे नव्हते, असं नाही. हे मला बोलायचं नव्हतं. पण आता बोलले.

बुधवारी रात्री आबा गेले. आपण विमानात बसलो, त्याआधीच त्यांना अग्नी दिला होता. शनिवारी सकाळी साडेनऊला आपली गाडी कराडला होती आणि सयाजीकाकांचा पंचगंगेच्या घाटावरून फोन आला. "वहिनी, कुठवर आलाय? रक्षाविसर्जनाला समदी जमल्यात. पावणं उनात उभं हायती. किती थांबवू?" तू पुढच्या सीटवर झोपला होतास. मी तुला उठवलं नाही. मीच म्हणाले, "करून घ्या."

माझ्या नवऱ्याची राख नदीत गेली तेव्हा मी हायवेवर चहाच्या टपरीसमोर होते. मलाही माफी नाही. सोमवारी तुझ्या स्वयंपाकघरात मी "बरं, गुरुवारी" म्हणाले होते. म्हणाले कशी? चाळीस वर्षांचा संसार आणि मी म्हणते, बरं, गुरुवारी! फुकट तिकीट मिळालं म्हणून तेव्हा मला तुझं कौतुकही वाटलं होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून ऐक. परवा मी राजारामपुरीत ट्रॅव्हल एजंट ऋतुराजच्या ऑफिसात जाऊन मेचं तिकीट काढलं. माझ्या पेन्शनमधून. एकाच ठिकाणी बदलायचं, ते. पॉइंट्सही त्याच एअरलाइनच्या खात्यात, माझ्या एकटीच्या नावावर. तुझ्या कुटुंबाच्या खात्यातून माझं नाव काढ. बाद होतात, हे मला माहीत आहे. म्हणून दरवर्षी येईन, म्हणजे चालू राहतील. छोटीलाही भेटणं होईल.

ते पॉइंट्स मी वापरणार नाही. पासवर्ड अनुजाला दिलाय. माझं काही झालं, तर ती त्याच क्षणी तुझं तिकीट काढेल, पहिलं मिळेल ते. पॉइंट्स पुरले नाहीत तर वरचे पैसे माझ्या कपाटात ठेवलेत. तुला लॅपटॉप उघडावा लागणार नाही.

सयाजीकाकांना काल हे सांगितलं. म्हटलं, भाऊजी, माझ्या वेळी धैर्यशील येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "थांबतो की, वहिनी. दोन दिवस थांबतो. पर पोरगं लगेच निघंल न्हवं?"

मी म्हणाले, निघेल.

तशी जबान देऊन बसलेली,
तुझी आई