कारखान्याच्या पूजेतलं गाऱ्हाणं

कोरगाव, पेडणे
बुधवार

ती. सौ. शालिनीवन्सं यांस,

जानकीचा वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? वास्कोची हवा दमट, खोबरेलात ओवा कढवून चोळा. इकडे देवाची कृपा, आणि तुमचे बंधू तर (लिहिताना हात नाचतोय!) आज शीळ घालत कामावर गेले!

नोकरी सोडायला निघाले होते, ठाऊक आहेच तुम्हाला. पहिली गाडी उशिरा, पोचायला पाच मिनिटं जास्त झाली की अर्धा खाडा. वर मॅनेजर सर्वांदेखत विचारणार, बायकोनं उठवलं नाही का? (मी चारला उठते!) त्याचा राग घरी आमटीवर. मग विनोदिनीबाई नावाच्या नव्या कामगार अधिकारी आल्या. मनाच्या चांगल्या. नाव न घालता तक्रारी लिहा म्हणून कागद वाटले. पण गोळा करायला मॅनेजरच उभा! साठही जणांनी लिहिलं, सर्व उत्तम आहे. बाई बिचाऱ्या खूश.

शनिवारी कारखान्यात सत्यनारायण होता. आम्ही बायकाही गेलो (प्रसादाला डबा मी नेलाच होता). मॅनेजर सोवळं नेसून जोडीनं बसलेले. आरती झाली आणि गेटवरचा बाबली नारळ धरून गाऱ्हाण्याला उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, कोरगावच्या लेकरांका पाच मिनटां उशीर झालो म्हणान जो कोण अर्धो खाडो मांडता, तेका बुद्धी दी, आणि सकाळच्या पाळयेक बस धाड!" सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" मॅनेजरसुद्धा, हात जोडून! (देवासमोर गप्प कोण राहील?) मग, "सायबाच्या जिभेर साखर घाल!" यावर मॅनेजरीणबाईंचा "व्हय म्हाराजा" सर्वांत मोठा!

विनोदिनीबाईंनी सगळं टिपून घेतलं आणि सोमवारी मॅनेजरसाहेबांपुढे ठेवलं, देवाला दिलेला होकार म्हणून. आज बस आली, वन्सं! तुमच्या यजमानांनी बंदरात बघितलेली नोकरी आता नको.

तुमची,
जानकी

ता.क. गाऱ्हाणं बाबलीला मी लिहून दिलं होतं. यांना ठाऊक नाही.

आणखी ता.क. (संध्याकाळी) तो कागद मॅनेजरला सापडला, आणि लिहिणारा शोधायचं काम यांच्याकडेच दिलंय! आत्ताच यांनी तो माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "अक्षर वळखीचं दिसता गो?" मजकूर वन्संनी सांगितला, मी नुसता उतरवला, असं म्हणू का? कंपनी तुमचं काय करणार? होकार उलट टपाली कळवा. नकार असल्यास टपालाचा खर्च करू नका, मी सांगून टाकलंय.